पिठातल्या अळीची साक्ष

गेल्या श्रावणात माझ्या पुतण्याच्या बायकोला दुसरी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. आम्ही घरच्या सात-आठ बायका दवाखान्यात जमलो होतो, थर्मासातला चहा फिरत होता. तेवढ्यात नात्यातल्या एक आज्जी, वय ऐंशीच्या पुढं, खाटेकडं बघत म्हणाल्या, "काय करायचं बाई, हिची कूसच मुलींची. हिच्या आईलाबी तीन मुलीच की!"

सून एम.एस्सी. झालेली, कॉलेजात शिकवते. तिनं हळूच भिंतीकडं तोंड फिरवलं. माझ्या जाऊबाई, म्हणजे बाळाची आज्जी, त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत काय बोलायचं, म्हणून गप्प बसले आणि घरी आल्यावर रात्रभर तळमळले. कारण ते "कूसच मुलींची" मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. लहानपणी माहेरी ऐकलं होतं, आमच्या थोरल्या आज्जीबद्दल.

ही थोरली आज्जी म्हणजे माझ्या वडिलांची चुलती. निपाणीकडच्या एका खेड्यात घर, तंबाखूची शेती, दारात बैलजोडी, बस्तीत मान. तिला ओळीनं चार मुली झाल्या. चौथीच्या वेळी म्हणे सुइणीनं बाहेर येऊन सांगायलाच अर्धा तास लावला. मग १९४० च्या सुमारास आजोबांनी दुसरं लग्न केलं. तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात असा कायदा १९४६ साली झाला आणि देशभर १९५५ साली. धाकटी आज्जी आली, नव्या नवलाईनं तिचे डोहाळे पुरवले गेले, आणि तिलाही मुलगीच झाली. मग दुसरी, मग तिसरी. सात बहिणी! शेवटी माझ्या काकांना दत्तक घेतलं. पण घरात जो शब्द रुजला तो रुजलाच. थोरलीची कूस मुलींची, आणि धाकटीला म्हणे थोरलीची दृष्ट लागली. म्हणजे दोन्हीकडून दोष तिचाच.

थोरली आज्जी मला आठवते ती जात्याजवळ बसलेली, नऊवारीचा पदर डोक्यावर, फारसं न बोलणारी. कुणाच्या बारशाला ती पुढं व्हायची नाही. बोलावलं तरी पाळण्यापासून चार हात लांब बसायची. तेव्हा कारण कळत नव्हतं.

मी बी.ए. झालेली, तीही इतिहास घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपुरता. पण त्या रात्रीनंतर मी सुनेचीच पुस्तकं मागून आणली आणि एकच गोष्ट शोधत बसले. मुलगा की मुलगी हे कशानं ठरतं, हे माणसाला कळलं कधी? थोरल्या आज्जीवर सवत आली तेव्हा जगात कुणाला ठाऊक होतं की नव्हतं?

ठाऊक होतं. पस्तीस वर्षं आधीपासून ठाऊक होतं. आणि ते शोधून काढलं होतं एका बाईनं, पिठातल्या अळ्या तपासून.

त्याआधीच्या दोन-अडीच हजार वर्षांत तर्क पुष्कळ झाले. ग्रीसमधला ॲरिस्टॉटल म्हणायचा, पुरुषाच्या बीजातली ऊब कमी पडली की मुलगी होते. मुलगी म्हणजे त्याच्या लेखी अपुरी राहिलेली घडण. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितलं, पुरुषाचं शुक्र अधिक असेल तर मुलगा, स्त्रीचं आर्तव अधिक असेल तर मुलगी. शिवाय सम रात्र, विषम रात्र हे हिशेब. आणि हे सगळं जुन्या काळचं, अडाणी लोकांचं, असंही म्हणायला नको. युरोपात एकोणिसावं शतक संपत आलं तरी मोठमोठे लोक अन्नावर आणि हवामानावर बोट ठेवत होते. व्हिएन्नातले शेंक नावाचे प्राध्यापक, त्यांनी १८९८ साली जाहीर केलं की आईचा आहार बदलून मुलगा होईलसं करता येतं. त्यांच्या सिद्धान्ताची वर्तमानपत्रांत केवढी चर्चा! आपल्याकडं तिसऱ्या महिन्यात कुणीतरी पुडी देतं, दुधातून घ्यायला सांगतं, त्यातलाच हा प्रकार. फक्त कोट घातलेला.

खरी वाट सापडली ती वाटाण्यात. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातलं ब्रून गाव, आज त्याला ब्रनो म्हणतात आणि ते चेक देशात आहे. तिथल्या मठातला ग्रेगोर मेंडेल हा संन्यासी मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं वाटाणे लावत बसला. २८,००० च्या आसपास रोपं! त्यानं गोल वाटाण्याचा आणि सुरकुतलेल्या वाटाण्याचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली कुठं? त्याच दाण्यांपासून पुढची पिढी घेतली तर ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले. साधारण तीनास एक. म्हणजे सुरकुती नाहीशी झाली नव्हती, आत लपून बसली होती. मेंडेलनं त्यावरून ताडलं की प्रत्येक गुणासाठी रोपाजवळ दोन घटक असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा, आणि पुढच्या पिढीला देताना ते त्यातला कुठलाही एकच देतं. दूध-पाणी मिसळावं तसे हे घटक मिसळून जात नाहीत. डाळ-तांदूळ एकत्र केले तरी निवडून वेगळे करता येतात, तसे ते सुटेच राहतात. १८६५ साली त्यानं हे वाचून दाखवलं, १८६६ साली छापलं, आणि कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८८४ साली तो गेला. १९०० साली तीन निरनिराळ्या शास्त्रज्ञांना तेच आढळलं तेव्हा जगाला मेंडेल आठवला. त्या घटकांना १९०९ साली योहान्सन या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानं 'जीन' हे नाव दिलं. आपण मराठीत जनुक म्हणतो.

हे जनुक करतं तरी काय, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. त्याचंही उत्तर वाटाण्यातच आहे. सुरकुतलेल्या वाटाण्याचं जनुक १९९० साली इंग्लंडमध्ये सापडलं. प्रत्येक जनुक म्हणजे पेशीसाठी लिहून ठेवलेली एक कृती. आपल्या वहीत अनारशांची असते तशी. त्या कृतीवरून पेशी एखादं प्रथिन बनवते आणि ते प्रथिन ठरलेलं काम करतं. गोल वाटाण्यात एक प्रथिन साखरेचं पिष्ट करायला मदत करतं. सुरकुतलेल्या वाटाण्यात त्या कृतीच्या मधोमध भलताच मजकूर घुसलेला असतो, त्यामुळं कृती बिघडते, साखर साखरच राहते. साखर पाणी धरून ठेवते. दाणा वाळला की ते पाणी जातं आणि साल सैल पडून सुरकुतते. एका जोडीतली एक कृती शाबूत असली तरी काम भागतं, म्हणून मिश्र दाणा गोलच दिसतो. आणि गंमत म्हणजे सुरकुतणारा वाटाणाच ओला असताना जास्त गोड. बिघडलेल्या कृतीचाही कधी कधी असा गोड उपयोग होतो.

आता मुख्य माणसाकडं येते. नेट्टी स्टीव्हन्स. जन्म १८६१, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. वडील सुतार. शिकली, शाळेत शिकवू लागली, ग्रंथालयातही काम केलं, पैसे साठवले. आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८९६ साली, तिनं स्टॅनफर्ड विद्यापीठात पदवीसाठी नाव घातलं. पस्तिसाव्या वर्षी! आपल्याकडं त्या वयात बाईला 'आता काय राहिलं' म्हणतात. पुढं ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजातून १९०३ साली डॉक्टरेट. मधल्या काळात जर्मनीत बोव्हेरी या मोठ्या शास्त्रज्ञाकडं शिकून आली.

पेशीला विशिष्ट रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात धाग्यांसारखे तुकडे दिसतात, ती गुणसूत्रं. मेंडेलचे घटक या गुणसूत्रांवर बसलेले असावेत असं बोव्हेरी आणि अमेरिकेतला सटन नावाचा विद्यार्थी १९०२-०३ च्या सुमारास म्हणू लागले होते. पण ते सिद्ध व्हायला गुणसूत्राशी बांधलेला एखादा ठळक गुण दाखवायला हवा होता. इकडं हेंकिंग या जर्मन शास्त्रज्ञाला १८९१ साली एका किड्याच्या निम्म्याच शुक्रपेशींत एक जास्तीचा तुकडा दिसला होता. हे काय ते कळेना म्हणून त्यानं नाव ठेवलं 'एक्स'. गणितात न कळलेल्या संख्येला ठेवतात तसं. १९०२ साली मॅकक्लंग म्हणाले की हाच तुकडा नर घडवतो. अंदाज शहाणा होता, पण नेमका उलटा निघाला.

स्टीव्हन्सनं तपासायला घेतला तो टेनेब्रिओ नावाचा किडा. त्याची अळी पिठात, साठवलेल्या धान्यात वाढते. आपल्या दळणात होतात त्या किड्यांच्याच कुळातला, पण आकारानं मोठा. हे वाचलं तेव्हा मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. आमच्या घरात आजही पिठाची मर्यादा पाळतात, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. का, तर पिठात जीव पडू नयेत आणि आपल्या हातून मरू नयेत. थोरल्या आज्जीची चाळण मला अजून दिसते. एखादी अळी दिसली तर ती पानावर घेऊन परसात नेऊन ठेवायची. आणि इकडं ही बाई त्याच जातीच्या अळ्या मारून त्यांचे बारीक काप काढून काचेखाली धरत होती. ते मला रुचलं असं म्हणणार नाही. पण तिनं काय पाहिलं ते नाकारताही येत नाही.

तिनं मोजलं. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रं. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक लहान. बस्स, एवढाच फरक. मग तिनं शुक्रपेशी पाहिल्या. त्या दोन प्रकारच्या निघाल्या. निम्म्यांत दहा मोठी, निम्म्यांत नऊ मोठी आणि ते एक लहान. आईच्या बीजात मात्र नेहमी दहा मोठीच. आता हिशेब पाचवीतल्या पोरीलाही जमेल. आईची दहा आणि बापाची दहा मोठी मिळाली तर वीस मोठी, म्हणजे मादी. आईची दहा आणि बापाची नऊ मोठी व एक लहान मिळाली तर एकोणीस मोठी, एक लहान, म्हणजे नर. अन्न नव्हे, ऊब नव्हे, सम-विषम रात्र नव्हे. जीव रुजतो त्या क्षणीच ठरलेलं असतं. मोठ्याला पुढं एक्स आणि लहानाला वाय म्हणू लागले.

हे १९०५ साली छापून आलं. त्याच वर्षी एडमंड विल्सन या नावाजलेल्या शास्त्रज्ञानंही दुसऱ्या किड्यांवर काम करून तेच स्वतंत्रपणे मांडलं. विल्सन थोर होतेच, त्यांचं श्रेय कुणी काढून घेत नाही. पण नंतरची कितीतरी पाठ्यपुस्तकं विल्सनचं नाव घेऊन पुढं जातात. नाहीतर मॉर्गनचं, ज्यांच्याजवळ नेट्टी शिकली आणि ज्यांना १९३३ साली नोबेल मिळालं. तिच्या संशोधनाची वर्षं जेमतेम दहा-अकरा. ब्रिन मॉरनं तिच्यासाठी संशोधनाची खास जागा निर्माण केली होती, पण त्या जागेवर बसण्यापूर्वीच, १९१२ च्या मे महिन्यात, स्तनाच्या कर्करोगानं ती गेली. वय पन्नास. माझ्यापेक्षा लहान.

किड्याचं खरं ते माणसाचंही खरं का, हा प्रश्न कुणीही विचारील. विचारायलाच हवा. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं, तेवीस जोड्या, हे १९५६ साली नक्की झालं. तोवर अठ्ठेचाळीस समजत होते. बाईजवळ एक्स-एक्स, पुरुषाजवळ एक्स-वाय. माणसात वाय असेल तर पुरुषाची घडण होते, हे १९५९ साली सिद्ध झालं. आणि वायवरचं नेमकं कुठलं जनुक ही कळ फिरवतं, ते १९९० साली लंडनमध्ये सापडलं. पहिले सहा-सात आठवडे गर्भ दोन्हीकडं सारखाच दिसतो. मग ते एक जनुक जागं होतं, आणि वाट वेगळी होते. म्हणजे तिसऱ्या महिन्यात पुडी देणारा वैदू काय बदलणार? तोवर गाडी स्टेशन सोडून गेलेली असते.

महिला मंडळांत हल्ली व्याख्यानं होतात, त्यात वक्ते टाळी घेतात, "मुलगी झाली तर दोष बाईचा नाही, पुरुषाचा!" मला हे वाक्य आवडत नाही. एका डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं, एवढंच झालं. पुरुषाच्या निम्म्या शुक्रपेशींत एक्स, निम्म्यांत वाय, त्यातली कुठली पोचणार हे त्याच्या हातात आहे थोडंच? आमच्या आजोबांनी तरी काय केलं असतं? प्रत्येक खेपेला नाणं नव्यानं उडतं, मागच्या खेपेची आठवण त्याला नसते. चार मुलं असलेली सोळा घरं घेतली तर सरासरी एका घरात चारही मुलीच. सातच्या सात मुलींचं घर एकशे अठ्ठावीसात एक. आमचं ते निघालं. आजोबांचा दोष तो नव्हे. दोष होता तो थोरलीला जात्याजवळ बसवलं, त्याचा.

इथपर्यंत लिहून मी थांबणार होते. पण एक गोष्ट वगळली तर लबाडी होईल.

नेट्टी स्टीव्हन्सनं जे मोजलं तेच मोजून पुढं डॉक्टर गर्भजलातल्या पेशींवरून मुलगा की मुलगी ते सांगू लागले. ती तपासणी निघाली होती बाळाचे आजार ओळखण्यासाठी. आपल्या देशात तिचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नंतर सोनोग्राफी आली आणि काम आणखी सोपं झालं. महाराष्ट्रानं १९८८ साली, देशानं १९९४ साली कायदा केला. तरी २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं देशात ९२७ मुली. आणि आपल्या जैन समाजात? ८७०. त्याच जनगणनेत साक्षरतेत आपण सगळ्यांच्या पुढं, ९४ टक्के. २०११ साली तो आकडा ८८९ झाला. सुधारला म्हणायचं.

हा आकडा मी एकदा आमच्या बस्तीतल्या बायकांपुढं वाचला. एक बाई रागावून म्हणाल्या, "हे आपल्याकडचं नव्हे हो, तिकडं मोठ्या शहरांतलं!" दुसरी म्हणाली, "आकडे काय, कसेही असतात." आपण पाणी गाळून पितो, दिवेलागणीपूर्वी जेवतो, पिठाचे दिवस मोजतो. मी पुढं काही बोलले नाही. कोपऱ्यात एक चाळिशीची बाई खाली मान घालून बसली होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला काही विचारलं नाही.

थोरल्या आज्जीच्या काळी ज्ञान गावापर्यंत पोचलं नव्हतं. आपल्यापर्यंत ते पोचलं, शिकलेल्या, पैसेवाल्या घरांत तर आधी पोचलं. त्यातलं 'तिचा दोष नाही' हे बाहेर राहिलं आणि 'आधी बघून घ्या' एवढंच आत आलं. सात बहिणींच्या त्या घरात बोलणी खाऊन का होईना, सातही जणी वाढल्या. त्यातल्या दोघी अजून आहेत. मी सुटीत गेले की मला तूप-गूळ देतात.

बारशाच्या दिवशी मी जाऊबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, "वहिनी, एक हिशेब सांगते, ऐका. तुमच्या मुलाजवळ एक्स एकच. तो त्याला वडिलांकडून नाही, तुमच्याकडून मिळाला. मुलगा झाला असता तर त्याला बापाकडून वाय गेला असता, म्हणजे भावोजींच्या घराकडचा. तुमचा एक्स तिथंच थांबला असता. मुलगी झाली म्हणून तो हिच्यात आला. मोठीत आलाय, हिच्यातही आलाय. आणि त्या वायवर जनुकं थोडीच, एक्सवर आठशेच्या आसपास आहेत."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मुलग्याच्या पोटी मुलगा झाला तर माझं काहीच जात नाही?"

"जातं की. बाकीच्या बावीस जोड्यांतून जातं. पण एक्स नाही जात."

त्यांनी पाळण्यात वाकून बघितलं. "मग हे नाक माझंच," म्हणाल्या. मी सांगत होते की नाक एकट्या एक्सवर ठरत नाही, त्याला पुष्कळ जनुकं लागतात. पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या सुनेला हाक मारून नाक दाखवत होत्या.